अहो, हारुओ साहेब

ता. ८ नोव्हेंबर, शनिवार

उशीर झाला, माफी असावी. माफी कोणाची मागतो तेही नीट सांगता येत नाही, कारण ही वही मीच लिहितो आणि मीच वाचतो. पण दसऱ्यापासून एक ओळ नाही. कोरी पानं पाहून चोरी पकडल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, मशीनची नोंद लिहिल्याशिवाय कधी घरी आलो नाही. सवय सुटली की जीव घाबरा होतो.

कारण आहे. सकाळचा लिहायचा वेळ एका जपानी माणसानं घेतला.

नाव हारुओ. पन्नाशीच्या पुढचा. फुटबॉल खेळायचा, देशाकडून खेळला म्हणतात. गुडघा गेला म्हणून खेळ सोडला, आता गावी शेती करतो. रोज सकाळी दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकतो. धान कापलेली बांधी, तिच्या कडेच्या धुऱ्यावर हा रबरी बूट घालून उभा, आणि पायावर चेंडू. चेंडू खाली पडत नाही. गाणं नाही, बडबड नाही. आणि हे पाहायला लाखांनी माणसं! ब्राझीलची, केनियाची, कुठली कुठली. त्यात घाटंजीचा मी एक.

सौ. म्हणते, "नावच हारू. तो काय जिंकीन!"

ता. ९, रवि.

टोंगळ्याचा, म्हणजे गुडघ्याचा, व्यायाम दहा वेळा केला. त्यानंच दाखवलेला. खुर्चीवर बसायचं, पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत तसाच धरायचा. दिवाळीच्या आधी संडासापर्यंत भिंत धरून जायचो. आता भिंत लागत नाही. खरं म्हणजे डॉक्टरनं हाच व्यायाम कागदावर छापून दिला होता. तो कागद कुठं गेला कोण जाणे. कागदाचं ऐकलं नाही, याचं ऐकलं.

मोजणीही त्याचीच. इची, नी, सान. गफ्फारभाई रोज सकाळी चहाला आमच्या घरापुढच्या ओट्यावर असतो, एसटीत ड्रायव्हर होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकलाच. "अबे नामदेव, हा सकाई सकाई शिव्या देऊन राह्यला का? इची म्हंते ना बे!" आमच्याकडं शिवी तिथूनच सुरू होते. म्हटलं, "एक म्हंते तो. इची म्हंजे एक." तर म्हणे, "एकाले असं, त दहाले काय म्हंत असन बाप्पा!" सौ. आतून ओरडली, कोणाले शिव्या देऊन राह्यले म्हणून.

ता. ११

आज चेंडू नाही. जुना सामना होता. पेनल्टी. समोर नुसता गोलकीपर. हारुओ साहेब तरुण, केस लांब. चेंडू ठेवला, मागं आला, मारला. वरून गेला. तिथंच डोकं धरून बसला. सामना हरले.

वर्षानं खालचं जपानी फोनवर मराठी करून वाचलं. (वर्षा म्हणजे सूनबाई. इथल्या शाळेत शिकवते. मुलगा पुण्यात नोकरीला, घरात आम्ही तिघं.) कोणीतरी त्याला विचारलं होतं, तुमचा सगळ्यात चांगला गोल दाखवा. त्यानं हा दाखवला. लिहिलं होतं, "बाकीचे तुम्ही पाहिले आहेत. हा मी रोज पाहतो."

मोठा माणूस. मी असतो तर कोणाला दिसू दिला नसता. जिनिंगमध्ये एकदा मी पट्टा उलटा चढवला होता. दोन तास काम बंद. नाव दुसऱ्या पाळीवर गेलं, मी गप्प राहिलो. आज पहिल्यांदा कुठं सांगितलं, तेही वहीत. असो.

ता. १३, गुरु.

आज हा.सा. (हारुओ साहेब) लोकांनी लिहिलेलं वाचत होते. देशाचं नाव आलं की "हाय" म्हणायचं आणि कमरेतून वाकायचं. हाय म्हणजे तिकडं हो. सौ. भाकरी थापता थापता ऐकत होती. "हाय म्हंते का? मंग आपल्याच मुलखातला हाय हा."

पण आज एक दिसलं. शेवटी खाली बसून फडक्यानं चेंडू पुसतात, रोजचंच. काम झाल्यावर हत्यार पुसून ठेवणारा माणूस मला आवडतो. पुसून उठताना डावा हात जमिनीला टेकला. रोज टेकत नाही. तीन वेळा मागं घेऊन पाहिलं. उठल्यावर दोन पावलं सगळा भार उजव्या पायावर. बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो, तसं. खाली हजारो लोकांनी फुलं टाकली, बदाम टाकले. कोणालाच दिसलं नाही?

ग.भाईला दाखवलं. "टोंगळा त्याचा, डॉक्टर त्याचा. तुह्यं काय जाते? तो काय तुह्यासारखा कागद हरवते का?"

तरी पण. सांगायला पाहिजे.

ता. १४

सांगितलं.

वर्षा दोन दिवस माहेरी पुसदला निघाली होती, बॅग हातात. विचारलं, तिकडच्या माणसाला लिहायचं तर कसं? म्हणाली, "मामाजी, मराठी अक्षरं तिकडं कोनाले वाचता येते? इंग्रजी अक्षरात लिहा, ते कोनीबी वाचते." पटलं. इंग्रजी अक्षरं मला मशीनवरच्या पाट्यांनी शिकवली, शाळेनं नाही. शाळा सातवीत संपली.

भाषा मराठीच, अक्षरं इंग्रजी. पाऊण तास लागला. मोठ्या माणसाचं नाव एकदम घेणं बरं दिसत नाही, म्हणून आधी अहो. मग प्रत्येक वाक्याला अहो. "अहो हारुओ साहेब, डावा टोंगळा जपा. अहो, काल तुम्ही हात टेकला. अहो, दाखवून घ्या." दोनदा वाचलं. आदर कुठं कमी पडत नव्हता. पाठवलं.

सौ.ला सांगितलं नाही.

ता. १५

व्हिडिओ आला नाही. साडेसहापासून साडेआठपर्यंत फोन हातात. ते आपल्या साडेतीन तास पुढं, म्हणजे तिकडं दुपार झाली. दुपारी कोण चेंडू खेळतो. नेट गेलं असेल. तिकडं जातं का नेट?

ता. १६, रवि.

आजही नाही. पण!

माझ्या लिहिण्याखाली उत्तरं आली. आधी चाळीस होती, चहा उकळेपर्यंत शंभरावर. सगळी जपानी अक्षरं. मधे मधे तोंडं, काही हसणारी, काही लाल. तिकडं थंडी पडली असेल, गाल लाल होतात. ग.भाईला दाखवलं. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना ओट्यावर बोलावून दाखवलं. ग.भाई म्हणे, "जपानात नाव झालं बे तुह्यं. विमानात बसशीन तवा आमाले ओळख देजो."

त्याला माझं म्हणणं पोचलं. बस. दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत.

ता. १७, सोम.

लिहू की नको.

वर्षा सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. हातपाय धुऊ दिले नाहीत, फोनच पुढं केला. वाच म्हटलं. ती वाचत गेली आणि तोंड उतरत गेलं.

"मामाजी, तुमी याले काय लिहिलं होतं?"

सांगितलं.

"अहो लिहिलं?"

"अहो नाई त काय अरे लिहू?"

ती खाली बसली. "मामाजी, जपानीत अहो म्हंजे मूर्ख."

नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. परत विचारलं. तेच.

मराठी अक्षरांत असतं तर त्यांच्या फोननं उलगडून सांगितलं असतं. इंग्रजी अक्षरं पाहून त्यांनी आपलीच भाषा समजली. टोंगळा कळला नाही, दाखवून घ्या कळलं नाही. तीन वेळा मूर्ख, तेवढं सगळ्यांना कळलं. उत्तरं वर्षा वाचत नव्हती, मी वाचायला लावली. "त्याचं नाव घेण्याची तुझी लायकी नाही." "आधी एक चेंडू मारून दाखव." "तो कोणाला कधी वाईट बोलला नाही, त्यालाच का?" आणि लाल तोंडं रागाची होती.

मी लिहिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ते गप्प आहेत.

जेवलो नाही.

ता. १८

वर्षा म्हणते, काढून टाकता येतं, बोट दाबलं की गेलं. मन झालं. मग वाटलं, त्या माणसानं आपली चुकलेली पेनल्टी सगळ्या जगाला दाखवली आणि मी तीन शब्द लपवू? राहू दिलं.

ओट्यावर गेलो नाही. ग.भाई दारातून डोकावला, म्हणे, "काय झालं बे?" सांगितलं. तो नेमका हसला नाही. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

हसली सौ. पदर तोंडात धरून धरून हसली. "सत्तेचाईस वर्सं झाले तुमाले अहो अहो करून राह्यली म्या. एवढ्या वर्साचं खरं आज जपानात निंघालं!"

मी ताटावरून उठलो. थोड्या वेळानं तिनं चहा आणून ठेवला. म्हणाली, "आवाजात असते हो ते. म्या रागात म्हटलं त कळते, मायेनं म्हटलं त कळते. लिवल्यावर आवाज नाई जात."

बरोबर आहे तिचं. त्यांचं इची ऐकून आम्हाला शिवी वाटली, पण त्यांचा चेहरा समोर होता म्हणून हसून सोडलं. माझा चेहरा त्यांनी पाहिला नाही. माझ्या नावापुढं तर फोटोही नाही, नुसतं करडं डोकं.

ता. १९, बुध.

माफी लिहिली. मी बोललो, वर्षानं मराठी अक्षरांत टाकली. अहोचं काय करायचं यावर अर्धा तास गेला. ती म्हणाली, "तो शब्द घेऊच नका आता." मी म्हटलं, तो घेतल्याशिवाय माफी कशाची? शेवटी असं लिहिलं, जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

"मी नामदेव, वय बाहत्तर, भारत. मी तुम्हाला मूर्ख म्हटलं नाही. ज्याचं नाव नुसतं घ्यायचं नसतं, त्याला आम्ही अहो म्हणतो. माझी बायको मला नावानं हाक मारत नाही, अहो म्हणते. तुमचा व्यायाम करून मी भिंत न धरता चालतो. त्या दिवशी उठताना तुम्ही हात टेकला, म्हणून काळजी वाटली. तुमचा गुडघा कसा आहे एवढंच विचारायचं होतं. माफ करा."

पाठवल्यावर वर्षानं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "असं तुमी घरात कोनाशी बोलत नाई, मामाजी." हूं म्हटलं.

ता. २१

बदामच बदाम. हजारांनी. वर्षाला मधल्या सुट्टीत फोन केला तर म्हणे शाळेतले मास्तरही पाहून राहिलेत.

संध्याकाळी तिनं वाचून दाखवलं. एक म्हातारी जपानी बाई लिहिते, "माझे यजमान वारले. त्यांच्या फोटोला मी अजून रोज अहो म्हणते, आमच्या अर्थानं. उद्यापासून तुमच्या अर्थानं म्हणेन." हे ऐकून सौ. चुलीकडं निघून गेली, उगाच भांडी वाजवत बसली.

आता त्यांच्या जुन्या व्हिडिओंखाली सगळे तेच लिहितात. अहो हारुओ साहेब, लवकर या. अहो हारुओ साहेब, तुमची आठवण येते. ब्राझीलवाला लिहितो, केनियावाला लिहितो. ज्यांनी मला लायकी नाही म्हटलं होतं, त्यातल्या एकानं वाकून नमस्काराचं चित्र टाकलं. मी त्याला परत नमस्कार टाकला. चुकून दोन टाकले.

ग.भाई: "एका अहोनं फेमस झाला लेका. म्या तीस वर्सं एसटी चालवली, मले कोनं एक बदाम नाई देल्ला."

हसलो. पण लोकांचं माफ करणं लोकांचं झालं. ज्याला म्हटलं त्याच्याकडून एक अक्षर नाही.

ता. २४

सकाळी फोन उघडायची भीती वाटते, आणि उघडल्याशिवाय चहा उतरत नाही. गॅसचं बटण बंद आहे ना, तीनदा पाहिलं आज. सौ. म्हणाली, बटणाचा काय दोष.

तिकडचे लोक दोन गोष्टी लिहितात. काही म्हणतात दवाखान्यात आहेत, गुडघा परत उघडावा लागला. काही म्हणतात दवाखाना वगैरे काही नाही, वाईट लिहिणाऱ्यांना कंटाळून बंद केलं. वाईट लिहिणारे म्हणजे कोण, ते कोणी लिहीत नाही. वर्षा म्हणते, "मामाजी, जगात वाईट लिहिणारे ढीगभर हायेत. तुमी एकलेच नाई." समाधान झालं नाही. ढिगातला एक तरी झालोच.

आणखी एक कळलं ते त्रासाचं आहे. एका जपानी मास्तरानं समजावून लिहिलं की त्यांच्या देशात एका बाजूला हा शब्द दोस्तीत, मायेनं चालतो, कोणी मनाला लावून घेत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र लागतो. मग हा.सा. कोणत्या बाजूचे? वर्षानं शोधलं. उत्तरेचे, बर्फाच्या मुलखातले. म्हणजे लागणाऱ्या बाजूचे.

असं असतं खरं. पुण्यात मुलाकडं गेलो तेव्हा वॉचमनला "काहून रे, गेट काहून लावलं" म्हटलं तर तो भांडायलाच उठला. इथं 'का'ला काहूनच म्हणतात, ते म्हटल्याशिवाय माझी सकाळ होत नाही.

गुडघा उघडला असेल तर वाईट. उघडला नसेल तर माझ्यामुळं. दोन्हीतलं काय मागावं देवाला? गुडघ्याचं मागितलं क्षणभर. लगेच कान धरले.

ता. २७, गुरु.

फोटो आला. तेरा दिवसांनी.

खाली शब्द नाही. चेहरा नाही. एक ताटली, तीत वाटीभर तांदळाची पेज, अर्धी संपलेली, चमचा आडवा. मागं खिडकी, पडदा पांढरा. बस.

सौ., वर्षा, ग.भाई आणि मी, चौघं फोनवर वाकलो. मी म्हटलं, अर्धी टाकली, म्हणजे जेवण जात नाही. ग.भाई म्हणे, "दवाखान्याची पेज कोन पूर्न खाते? म्या त शिवत नाई." वर्षानं फोटो मोठा करून पडदा पाहिला, दवाखान्याचाच वाटतो म्हणाली, पण घरातही असे पडदे असतात.

सौ.नं नीट पाहिलं. मग म्हणाली, "अर्धी टाकली नाई, बावा. भूक लागली होती, खायले बसला. अर्धं खाल्ल्यावर ध्यान आलं का लोकं वाट पाहून राह्यले असन. तवा फोटो काढला."

मला हे सुचलं नसतं. पोटात अन्न जातं आहे आणि लोकांची आठवण आहे. एवढं धरून आज जेवलो. पण लोकांत मी आहे का?

ता. २८

फोटोखाली तिकडचेच लोक लिहून राहिले आहेत की भारतातल्या त्या अहोवाल्या आजोबांनी काहीतरी लिहावं, त्यांचं हारुओ साहेब वाचतील. वर्षा सकाळी फोन घेऊन समोर बसली. "सांगा मामाजी, मी टाकते. मराठी अक्षरात."

तिला शाळेला उशीर होत होता. जा म्हटलं, संध्याकाळी पाहू.

ती गेल्यावर सौ. म्हणाली, "काहून नाई सांगतलं?" म्हटलं, आजारी माणसाला परत काही लागलं तर. ती म्हणाली, "लागाचं असन त लागून गेलं. आता विचाराले काय भेता?"

भितो खरा. त्यांनी माफ केलं की नाही हे कळत नाही, तोवर माफ केलं असेल असं धरून चालता येतं. विचारलं की उत्तर येईल.

दुपार झाली. वर्षा यायला वेळ आहे. तोवर इथं लिहून पाहतो, मग तिला हेच वाचून दाखवीन. हिंमत टिकली तर. ही वही मराठी आहे, इथं हा शब्द कोणाला लागणार नाही.

अहो हारुओ साहेब, पेज खाल्ली, बरं केलं. उरलेली गार झाली असेल तर टाकून द्या, दुसरी मागा. पाय खाली सोडून बसू नका. डॉक्टर उठा म्हणतील तेव्हा उठा, हात टेकावा लागला तर खुशाल टेका, मी काही म्हणणार नाही. व्हिडिओची घाई नाही. लाखो लोकांचं नंतर पाहू. गुडघा उघडला की नाही, आणि मनात माझ्याविषयी काही आहे की नाही, एवढं कळवा. राग असेल तर रागाचं कळवा. एक अक्षर चालेल, जपानी चालेल, वर्षा वाचून देईल. पण लवकर कळवा.